हाताखालची पट्टी

नागपुरातल्या ठेकेदारांचं माझ्याबद्दल एक मत आहे. बाई कामाला चोख, पण डोक्याने गरम. मत खरं आहे. मे महिन्यात या शहरात सगळ्यांचीच डोकी गरम असतात, माझं बाराही महिने असतं, एवढाच फरक. पण बेसा भागातल्या सुशीलच्या घरावर मी जितकी भांडले, तितकी दुसऱ्या कुठल्याच साइटवर भांडले नाही. आणि गंमत अशी, की मी का भांडते आहे हे मला तिथे कुणालाही सांगता येत नव्हतं.

पहिलं मोठं भांडण स्विचबोर्डावरून झालं. घराच्या डाव्या भिंतीला, पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत, कमरेच्या उंचीवर काळ्या कडप्प्याची एक पट्टी जायची होती. भिंतीच्या दोन बोटं बाहेर, कड गोल घासलेली. माझ्या नकाशात ती ठळक काढलेली होती. इलेक्ट्रिशियनने नेमकी तिच्याच वाटेत भिंत फोडून स्विचबोर्डाचा डबा बसवला. मी पोचले तेव्हा डबा सिमेंटने पक्का करून तो हात धूत होता. मी त्याला डबा उखडायला लावला.

देवराव ठेकेदार मध्ये पडले. देवराव कन्हानचे, साठीला आलेले, कामात वाकडं काही खपवून न घेणारे. त्यांची भिंत ओळंब्याला कधी खोटी ठरली नाही. त्यांची एकच समजूत होती, की आर्किटेक्ट लोक कागदावर चित्रं काढतात आणि घरं देवराव बांधतात. त्या समजुतीलाही माझी हरकत नव्हती, चित्राप्रमाणे बांधलं म्हणजे झालं.

"म्याडम, डबा राहू द्या. पट्टी तिथं कापून पुढं घेऊन घेतो. दिसन बी छान."

"पट्टी कुठेही कापायची नाही."

"पन काहून?"

"मी सांगते म्हणून."

असं उत्तर माझ्या ऑफिसातल्या एखाद्या मुलीने कुणाला दिलं असतं, तर मी तिची खरडपट्टी काढली असती. पण माझ्यापाशी देण्यासारखं दुसरं उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते देणार नाही असा मी शब्द देऊन बसले होते.

शब्द दिला होता प्रयागबाईंना, सुशीलच्या आईला.

सुशील बुटीबोरीला एका सूतगिरणीत सुपरवायझर आहे. त्याची बायको श्वेता शाळेत शिकवते. दोघं माझ्याकडे पहिल्यांदा आले तेव्हाच सुशील म्हणाला होता, की घर मुख्य म्हणजे आईसाठी बांधायचं आहे. वडील, रुपराव, जाऊन काही वर्षं झाली होती. आई सावनेरच्या पुढे गावात एकटी राहत होती, शेत बटईने, म्हणजे वाट्याने, दिलेलं. ती शहरात यायला तयार होती, पण एका अटीवर. आपलं आपण रांधून खायचं, सुनेच्या हाताकडे बघत बसायचं नाही.

नवं घर काढायच्या आधी माणसं सध्या राहतात ते घर मी बघून येते. लोकांना हे जरा विचित्र वाटतं, पण मला त्याशिवाय हात चालत नाही. सुशील मला गावी घेऊन गेला आणि आईपाशी सोडून शेतातली संत्र्याची झाडं बघायला निघून गेला. घर साधंच होतं, तीन खोल्या आणि वर पत्रे. प्रयागबाईंनी चहा केला, एक थेंब न सांडता कपात ओतला आणि सरळ माझ्या हातात दिला. मला काहीच शंका आली नाही. मग माझं लक्ष भिंतीकडे गेलं. चुन्याच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला एक काळपट, गुळगुळीत रेघ होती. चुलीपासून निघून दारापर्यंत, दारातून अंगणात, अंगणाच्या भिंतीवरून न्हाणीपर्यंत. वर्षानुवर्षं हात फिरून पडलेली. मी ती बघत होते तेवढ्यात प्रयागबाई उठल्या आणि मी वाटेत ठेवलेल्या माझ्या बॅगेला अडखळून पडता पडता वाचल्या.

मी सरळ विचारलं. सुशील आसपास नाही याची त्यांनी आधी खात्री करून घेतली.

"कडेकडेचं सारं गेलं, वं. समोरचं दिसते, तेबी नळीतून पाह्यल्यावानी. पायाखालचं तं काहीच नाही."

सुशीलला वाटत होतं की आईला मोतीबिंदू होता, ऑपरेशन झालं, विषय संपला. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला तेव्हा तो बाहेर गाडी लावायला जागा शोधत होता. गेलेली नजर परत येत नाही, थेंब टाकत राहिलं तर उरलेली काही दिवस टिकेल, हे सगळं त्या बाईने एकटीने ऐकून घेतलं होतं. थेंब त्या नेमाने टाकत होत्या. मी म्हटलं, मुलाला सांगा. त्या म्हणाल्या, सांगितलं की तो खाटेवर बसवून ठेवेल आणि सून ताट वाढून हातात देईल.

"चांगले हायेत दोघंई," त्या म्हणाल्या, "म्हनून तं भेव लागते."

मग त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला. कुणालाही सांगायचं नाही. देवरावांना तर नाहीच, कारण देवरावांची बहीण त्याच गावात दिलेली होती. आज देवरावांना कळलं असतं तर उद्या गावभर झालं असतं की प्रयागबाई आंधळी झाली. मला हे लपवणं पटलं नव्हतं, आजही पटत नाही. तरी मी शब्द दिला. घर उभं राहीपर्यंत काहीतरी मार्ग निघेल असं वाटलं, आणि ती बाई मला आवडली होती, हेही खरं.

मग मी घर काढायला बसले. पुढचं दार, बैठक, स्वयंपाकघर, मागचं दार, सगळं एका सरळ रेषेत आणि दोन्ही टोकांना उजेड. ज्याला फक्त समोरचंच दिसतं त्याला उजेडाकडे चालत जाता येतं. उद्या तोही दिसेनासा झाला तर हाताखाली पट्टी आहे. पट्टी स्वयंपाकघरात शिरली की ओट्याच्या कडेत मिसळून जाते, म्हणजे हात उचलायची गरजच नाही. पट्टी तुटते ती फक्त दारांपाशी. वाटेत डाव्या हाताला दोनच दारं, आधी प्रयागबाईंच्या खोलीचं, मग न्हाणीघराचं. प्रत्येक दाराच्या अलीकडे आणि पलीकडे पट्टीत अंगठा बसेल एवढा खळगा. खोलीपाशी एक, न्हाणीपाशी दोन शेजारी शेजारी. आणि आत कुठेही उंबरठा नाही. सगळ्या घराला उंबरठा एकच, पुढच्या दाराचा. पायाला तो लागला की समजावं, आपलं घर सुरू झालं.

नकाशात ही सगळी किरकोळ कामं दिसतात. पण माझ्या लेखी घर म्हणजे तीच होती. बाकीचं, म्हणजे भिंती आणि वर स्लॅब, देवरावांनी माझ्याशिवायही उत्तम बांधलं असतं.

स्विचबोर्ड वर सरकला, पट्टी अखंड बसली. मग पॉलिशवाला आला. त्याला खळगे दिसले आणि वाटलं की दगडात खोट निघाली आहे. भल्या माणसाने एकूण एक खळगा काळ्या लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरला, घासला आणि चकचकीत करून ठेवला. वर देवरावांना सांगितलं, माल खराब आला होता, मी सांभाळून घेतलं. देवरावांनी त्याला शाबासकी दिली. नकाशातले ते गोल त्यांना खिळ्यांच्या जागा वाटले होते म्हणे. मी सगळे खळगे परत कोरून घेतले. कोरताना तो पॉलिशवाला माझ्याकडे असा बघत होता, जणू मी चांगल्या लुगड्याला भोकं पाडायला सांगितली होती.

"खोट असनं म्हन्जे डिझाइन काय?" देवरावांनी विचारलं.

मी हो म्हटलं. त्या दिवसापासून माझ्यासाठी चहा येईनासा झाला.

मग सुशील बिथरला. त्याचंही चुकत नव्हतं. अक्षय्य तृतीयेची वास्तुशांत ठरलेली, नातेवाइकांना फोन गेलेले, आणि इकडे म्याडम बसवलेला दगड कोरत बसल्या आहेत. एका रविवारी तो श्वेताला घेऊन साइटवर आला. आवाज चढवला नाही, पण बोलला ते जिव्हारी लागलं.

"म्याडम, खरं सांगा. हे घर आमच्यासाठी बनून राहिलं, का तुमच्या फोटोसाठी?"

एक वाक्य बोलले असते तर तो तिथल्या तिथे गप्प झाला असता. मी ते गिळलं. म्हटलं, नकाशाप्रमाणे झालं तरच ते तुमच्यासाठी होईल. त्याला ते अर्थातच उर्मट वाटलं. गाडीत बसल्यावर मला रडू आलं, आणि रडू आलं याचाही राग आला.

मी तिथूनच प्रयागबाईंना फोन लावला आणि म्हटलं, आता तुम्ही सांगा, नाहीतर मला सांगू द्या. त्यांनी उलट मलाच प्रश्न केले. पट्टी लागली का, विचारलं. ओट्यापर्यंत गेली का, विचारलं. मग म्हणाल्या, पुन्हा एकदा सांग. मी सांगितलं. उंबरठा ओलांडला की डावा हात. एक खळगा, तुमची खोली. दोन खळगे, न्हाणी. मग सरळ ओटा. त्यांनी ते पाढ्यासारखं माझ्यामागून म्हटलं.

"मले एकदा चालत जाऊ दे अंदर," त्या म्हणाल्या. "आपल्या पायानं ओट्यालोक जाईन, त्याले दावीन. मंग सांगीन."

तेव्हा मला त्यांचा बेत कळला. आधी ओट्यापर्यंत चालून दाखवायचं, मग सांगायचं. मुलाने आधी चालती आई बघायला हवी होती. त्या पहिल्याच चालण्यात त्या अडखळून पडल्या असत्या, तर मात्र खाट ठरलेली होती, आणि मग कितीही पट्ट्या लावल्या तरी त्यांना त्या खाटेवरून कुणी उठू दिलं नसतं. यानंतर मी बारीकसारीक कामांवरून भांडायची लाज सोडली.

अक्षय्य तृतीयेच्या आधी मी एका लग्नासाठी अमरावतीला गेले होते. परतल्यावर घरी न जाता, लग्नातल्या रेशमी साडीतच, मी थेट साइटवर गेले, कारण त्या दिवशी दुपारी प्रयागबाई गावातल्या शेजाऱ्यांच्या गाडीने यायच्या होत्या. बैठकीत कूलर लागला होता, वाळ्याच्या नव्या ताट्यांचा ओला वास सुटला होता. सुशील आणि श्वेता खुशीत होते. देवराव हात मागे बांधून उभे होते, एखादं सरप्राइज दाखवायला माणूस उभा राहतो तसे.

सरप्राइज होतंच. प्रयागबाईंच्या खोलीला, न्हाणीला आणि स्वयंपाकघराला पांढऱ्या संगमरवराचे उंबरठे बसले होते. चांगले चार बोटं उंच. देवरावांनी ते पदरचे आणून बसवले होते. घरात म्हातारी माय येणार आणि अंदर एकाही दाराला उंबरठा नाही, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. माझ्याकडून राहून गेलं असेल असं समजून, मला न बोलता, त्यांनी माझी चूक झाकली होती. श्वेताने तिन्ही उंबरठे धुऊन त्यांना हळदकुंकू लावलं होतं, फूल ठेवलं होतं. सगळ्यांनी इतक्या चांगल्या मनाने केलं होतं की ओरडावं कुणावर हेच मला कळेना. मग ओरडले, सगळ्यांवर.

मी म्हटलं, हे आत्ताच्या आत्ता काढा. देवरावांचा चेहरा पडला.

"पूजा झाली, म्याडम. आता मी त्याले छिन्नी नाही लावत. दुसरा कोनी लावत असन तं लावा."

श्वेताने समजुतीने विचारलं, की उंबरठ्याने असं काय बिघडतं. आमच्या शाळेलासुद्धा आहे, म्हणाली. सुशील मात्र आता समजुतीच्या पलीकडे गेला होता. त्याने सांगितलं, की उंबरठे राहतील, घर आमचं आहे, आणि तुमचं काम आता झालं. उद्या पाहुण्या म्हणून या, जेवून जा. एवढं स्वच्छ मला आजवर कुणी कामावरून काढलं नव्हतं.

तेवढ्यात श्वेताला फोन आला, गाडी सावनेरहून निघून शहरात शिरली होती. म्हणजे वेळ उरला नव्हता. ते एक वाक्य माझ्या ओठांवर येऊन थांबलं. आईला दिसत नाही. बोलले असते तर उंबरठे तिथल्या तिथे निघाले असते. पण सुशील फाटकाकडे धावला असता, आईचा दंड धरून तिला दवाखान्यातून आणल्यासारखं आत आणलं असतं. इतके महिने जपलेलं तिचं ते चालणं मी तिच्याकडून काढून घेतलं असतं. शब्द मोडायचा तर तो तिने मोडावा, मी नाही.

खोलीचा आणि न्हाणीचा उंबरठा तिच्या सरळ वाटेत येत नव्हता. वाटेत येत होता तो एकच, स्वयंपाकघराचा. मी गेले आणि त्या उंबरठ्यावर फतकल मारून बसले.

"म्याडम, उंबरठ्यावर बसू नये," श्वेता म्हणाली. तिला खरोखर धक्का बसला होता.

बसू नये हे मला माहीत होतं. लहानपणी याच गोष्टीसाठी मी वडिलांच्या हातचा धपाटा खाल्लेला आहे. मी म्हटलं, हा निघाला की उठेन. सुशीलने कपाळाला हात लावला. देवराव मान वर करून आपल्याच स्लॅबकडे बघत राहिले. माझ्या साडीला हळदकुंकू लागलं होतं आणि पाठीमागून मागच्या दाराचा उजेड माझ्या अंगावर येत होता. आपण किती हास्यास्पद दिसत असू याची मला पूर्ण कल्पना होती. मी हलले नाही.

तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला.

सुशील पुढे झाला. प्रयागबाईंनी हातातलं गाठोडं त्याच्या हातात दिलं आणि दुसऱ्या हातात पिशवी दिली, म्हणजे त्यांना धरायला त्याला हातच उरला नाही. त्या पुढच्या दारापाशी आल्या. वाकून उंबरठ्याला हात लावला, तोच हात कपाळाला लावला आणि पाय उचलून आत ठेवला. डावा हात बाजूला गेला. पट्टी सापडली.

आणि त्या चालायला लागल्या. चाचपत नाही, थांबत नाही, आपल्या गावच्या घरात चालाव्या तशा. नजर समोर, मागच्या दाराच्या उजेडावर. खोलीपाशी अंगठा खळग्यात गेला.

"माही खोली," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि पुढे निघाल्या. न्हाणीचं दार मागे पडलं. तिथून पुढे आल्यावर अंगठा एकदा घोटाळल्यासारखा झाला, मागे गेला, परत पुढे आला. मला वाटलं, मी समोर दिसले म्हणून थबकल्या.

"उजेडात कोन बसून राहिलं?"

"मी आहे, काकू. चिन्मयी."

"दारात काहून बसली, वं?"

"इथे उंबरठा आहे म्हणून."

त्यांना सगळं कळलं. त्या वाकल्या, हाताने संगमरवर चाचपला, त्याची उंची बघितली. बोटांना हळदकुंकू लागलं. मी सरकून वाट करून दिली. आता त्यांना माहीत झालं होतं, पाय उचलून त्या सहज ओलांडून गेल्या असत्या, आणि सुशीलला कधी काही कळलं नसतं. त्या तशाच उभ्या राहिल्या. मग वळल्या, सुशील उभा होता तिथे नाही, थोड्या दुसरीकडेच तोंड करून, आणि बोलल्या.

"सुशील, मले दिसत नाही गा. समोरचं थोडं दिसते, पायाखालचं काहीच नाही. मोतीबिंदू नाही तो, दुसरं हाय. तुले आतालोक सांगतलं नाही मी."

त्यांनी हात परत पट्टीवर ठेवला.

"फाटकापासून इथंलोक मी एकटीनं आली. या पोरीनं रस्ता केला म्हनून आली. पुढं हा धोंडा हाय. आता सांग, मले ओट्यापाशी जाऊ देशीन, का खाटेवर बसवशीन?"

सुशीलच्या दोन्ही हातांत आईचं सामान होतं आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं, ते पुसायलाही त्याला हात नव्हता. त्याने पट्टीकडे बघितलं. पुढच्या दारापासून आईच्या हातापर्यंत, हळूहळू, सगळ्या पट्टीवरून त्याची नजर फिरली. मग माझ्याकडे बघितलं आणि लगेच मान खाली घातली.

"देवराव भाऊ, छिन्नी आना," तो म्हणाला.

देवराव चुळबुळले. पूजा झालेली होती. प्रयागबाई म्हणाल्या, की देवाची माफी मीच मागीन. पण त्याआधीच श्वेता पुढे झाली. मला उठायला हात दिला, खाली बसून उंबरठ्यावरचं हळदकुंकू पदराने पुसलं, हात जोडले आणि देवरावांकडे बघितलं.

देवरावांनी छिन्नी आणली, पण उंबरठा फोडला नाही. कडेकडेने अलगद टोचत त्यांनी तो अख्खा उचलला, काम ताजं होतं म्हणून निघाला. मग खालची जागा खोल केली आणि तोच संगमरवर परत तिथे बसवला, जमिनीबरोबर, इतका सपाट की तळहात फिरवला तर कड लागू नये. हे मला सुचलं नव्हतं. उंबरठा राहिला आणि पायाला लागेनासा झाला. एकाचं झाल्यावर त्यांनी न सांगता बाकीचे दोन काढायला घेतले. तोवर मी सुशीलला खळग्यांचा हिशेब सांगितला, खोलीपाशी एक, न्हाणीपाशी दोन.

"म्याडम, आधी सांगतलं असतं तं," ते छिन्नीवर हातोडा मारता मारता म्हणाले.

"तुमच्या बहिणीला भ्यायले," मी म्हटलं. त्यांनी विचार केला आणि मान हलवली. बहिणीला ते माझ्यापेक्षा जास्त ओळखत होते. थोड्या वेळाने माझ्यासाठी चहा आला.

सिमेंट ओलं होतं म्हणून त्यावर फळी टाकली, आणि प्रयागबाई ओट्यापाशी गेल्या. दुसऱ्या दिवशी दूध उतू घालवायचं होतं, त्याआधी चूल पेटवायची नव्हती. तरी त्यांनी ओट्याची लांबी हातांनी मोजून बघितली, मीठ कुठे ठेवायचं आणि पीठ कुठे, ते श्वेताला सांगून टाकलं. श्वेता एकेक डबा त्या सांगतील तिथे ठेवत गेली. मध्येच तिने एक डबा आपल्या सोयीने ठेवला, तर प्रयागबाईंनी तो सरकवायला लावला. माझ्या मनात आलं, आता या बाईला खाटेवर कोण बसवतं ते बघूच.

सुशील कुठे दिसेना. उन्हं कलली होती. मी बैठकीत आले तर तो पुढच्या उंबरठ्यापाशी उभा होता, डोळे गच्च मिटून. डावा हात पट्टीवर ठेवून तो चालायला लागला. दोनदा थांबला, खांदा भिंतीला घासला, पण स्वयंपाकघरापर्यंत गेला. तिथे वळला, आता पट्टी उजव्या हाताला आली, आणि तो परत यायला निघाला. न्हाणीच्या दाराच्या अलीकडे येऊन थांबला. अंगठा मागे-पुढे फिरवत राहिला.

"म्याडम, न्हाणीपाशी दोन खड्डे पाह्यजेत म्हनलं ना तुम्ही?"

"हो. दोन्ही बाजूंना दोन दोन."

"या बाजूनं एकच लागून राहिला. माय ओट्याकडून आली तं न्हाणीले आपली खोली समजन. पाय घसरन तिचा ओल्यात."

मी जाऊन अंगठा लावला. एक खळगा होता. त्याच्या शेजारचा अजून काळ्या लांबीने भरलेला होता, घासून इतका एकजीव केलेला की मला तो दर वेळी तपासताना दगडच वाटला होता. मी प्रत्येक वेळी डोळ्यांनीच तपासत होते. दुपारी प्रयागबाईंचा अंगठा घोटाळला तो इथेच, आणि मला वाटलं होतं की त्या मला बघून थबकल्या.

सुशीलने अंगठा त्या जागेवरून उचलला नाही. डोळेही उघडले नाहीत. तसाच उभा राहून त्याने आतल्या देवरावांना हाक मारली आणि छिन्नी घेऊन यायला सांगितलं.